गच्चीवरची उपाशी रताळी

पान काळं व्हायला हवं होतं.

उन्हं यायच्या आत मी ते गच्चीवरून खुडलं होतं आणि ओल्या रुमालात गुंडाळून कॉलेजात आणलं होतं. आधी उकळत्या पाण्यात बुडवलं, मग गरम स्पिरिटमध्ये. हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला आणि पान जुन्या वर्तमानपत्रासारखं फिकट झालं. मग त्यावर आयोडीन टाकलं. पानात पिष्ट, म्हणजे स्टार्च साठलेलं असेल तर आयोडीनने ते निळंकाळं पडतं. शाळेत हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. मी थंडी सुरू झाल्यापासून दर आठवड्याला करत होते, आणि या रांगेतलं पान दर वेळी शाईत बुडवल्यासारखं व्हायचं.

त्या सकाळी ते बदामी राहिलं.

मी पुन्हा आयोडीन टाकलं. बशी हलवून पाहिली. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या होत्या हे मला उशिरा कळलं. त्या माझ्या गाइड. कमी बोलतात, आणि बोलतात तेव्हा आपल्याकडे बघत नाहीत.

"लेबल बदललं का?"

"नाही मॅडम."

"रांग तीन?"

"हो."

"मग याला कोणीतरी खायला घालतंय," त्या बशीकडे बघत म्हणाल्या. "शोध. ही रांग गेली तर तुलना गेली. तुलना गेली तर लिहिणार काय? पुढच्या वर्षी परत लाव."

पुढच्या वर्षी. जूनपासून मॅडमच्या प्रोजेक्टमध्ये मला जागा मिळणार होती, पण एम.एस्सी. पूर्ण झालं तरच. आमच्या घरात पीएच.डी. हा शब्द पहिल्यांदाच कोणी उच्चारत होतं, आणि तोही हळू, जणू मोठ्याने म्हटलं तर तो निघून जाईल. मी मान हलवली. 

कॉलेजची शेडनेट पार्किंगसाठी पाडल्यामुळे माझी झाडं आमच्या इमारतीच्या गच्चीवर होती, मुलुंड पूर्वेला. आरेतल्या एका पाड्यावरून मॅडमनी रताळ्याच्या वेलाचे तुकडे मिळवून दिले होते. धुतलेली वाळू आणि नारळाचा भुसा भरलेल्या ग्रो-बॅग्ज, त्यांच्या तीन रांगा. पहिल्या रांगेला नायट्रोजन भरपूर. दुसरीला बेताचा. तिसरीला अगदी जेमतेम, मरणार नाही इतकाच. बाकी सगळं, पाणी, पोटॅश, ऊन, तिघींना सारखं. मम्मीने पहिल्याच आठवड्यात त्यांना नावं ठेवली होती: लाडकी, मधली आणि सावत्र.

सावत्र रांग बघवत नसे हे खरं. पानं पिवळट, देठ जांभळे, वेल वीतभर पुढे सरकून थांबलेले. लाडकी रांग मात्र कठड्यावरून खाली लोंबायला लागली होती. कपडे वाळत घालायला येणाऱ्या बायका तिचे फोटो काढायच्या. "झकास वाढलीय गं!" असं म्हणायच्या, आणि मग तिसऱ्या रांगेकडे बघून माझ्याकडे बघायच्या. मी हसायचे आणि खाली निघून यायचे. समजावून सांगायला तोंड उघडलं की माझं अर्धं वाक्य इंग्रजीत जातं, मग मी लाजते, आणि समोरच्याला वाटतं मी शिष्ट आहे. हे लहानपणापासूनचं आहे.

घरी मात्र मी सांगितलं होतं. पान दिवसभर उन्हात साखर बनवतं. जास्तीची साखर पिष्ट करून ठेवतं आणि अंधारात ते पिष्ट मोडून वाढीला वापरतं. पण नवी पानं, नवे कोंब उभे करायचे तर नायट्रोजन लागतो. तो नसेल तर साखर बनते, पण तिचं काही करता येत नाही. मग ती पानातच पिष्ट होऊन पडून राहते, सकाळ झाली तरी. आणि उरलेली खाली जाते, मुळात.

"म्हणजे पीठ दळून ठेवलंय," मम्मी म्हणाली, "पण भाकऱ्या थापायला घरात कोणी नाही. पीठ डब्यात पडून."

"तसंच."

"मग असं सांग ना सरळ. नाइट्रेट-फाइट्रेट काय लावलंय."

म्हणून सावत्र रांगेचं पान सकाळी काळं व्हायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणजे तिथे भाकऱ्या थापणारं कोणीतरी पोचलं होतं.

त्या दुपारी मी गच्चीवर गेले तेव्हा ते डोळ्यांना दिसतही होतं. मला ते आधीच दिसायला हवं होतं. जिन्याच्या दाराजवळच्या काही पिशव्यांत कोवळी, पोपटी पानं फुटली होती. वाळू ओलसर होती. वास येत होता, पण आमच्याकडे वारा फिरला की कांजूरच्या कचऱ्याचा वास येतोच, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नाही. टाकीखाली एक मांजर बसलं होतं. तेही पूर्वी वर येत नसे.

इमारतीत चौकशी करायची म्हणजे दारोदार जाऊन बेल वाजवायची. मी ते करू शकत नव्हते. मी घरातून एक पुठ्ठा घेतला आणि स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कृपया कुंड्यांना हात लावू नये. पाणी घालू नये.' माझं मराठी अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आहे, म्हणून दोनदा गिरवलं. पुठ्ठा दोरीने तिसऱ्या रांगेला बांधला आणि सुटल्यासारखी खाली आले.

संध्याकाळी पप्पा वाळलेले कपडे आणायला वर गेले. खाली आले तेव्हा कपडे एका खांद्यावर होते आणि पुठ्ठा दुसऱ्या हातात.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"कोणासाठी?"

"कोणीतरी पाणी घालतंय, पप्पा. प्रयोगाची वाट लागेल. वर्ष जाईल माझं."

"ते मॅडमचं कळलं मला. मी हे विचारतोय." त्यांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला, अक्षरं वर करून. "हात लावू नये. पाणी घालू नये. दुसरे शब्द नव्हते?"

"म्युझियममध्येही असतं असं लिहिलेलं."

"म्युझियममध्ये कोणी राहत नाही."

मम्मी कणीक मळायची थांबली होती. पप्पा सहसा गावचं काही सांगत नाहीत. ते बुलढाण्याकडचे. नोकरीसाठी मुंबईला आले, आधी घाटकोपरला खोलीत राहिले, मग इथे. आम्ही बौद्ध आहोत हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. आम्हीही बोलत नाही. मला शाळेत ते धड्यातून कळलं, घरातून नाही.

"आमच्या गावच्या विहिरीवर पाटी नव्हती," पप्पा म्हणाले. "गरजच नव्हती."

मग ते कपड्यांच्या घड्या करायला बसले. माझ्या ओढणीची घडी त्यांनी फार सावकाश केली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कारण मला फक्त माझी झाडं वाचवायची होती.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"जाऊन बोल," ते म्हणाले. "तोंडाने."

*

बोलायचं कोणाशी, हे मम्मीला मांजरामुळे कळलं.

"मांजर कशाला वर जातंय? तिथे उंदीर नाहीत, दूध नाही." तिने भाजी चिरता चिरता विचार केला. "तुझी पानं कधीपासून हिरवी झाली?"

"गेल्या पंधरवड्यात असतील. त्याआधीची सगळी काळी पडली होती."

"मार्गशीर्ष कधी संपला?"

मी फोनवर बघितलं. आमच्याकडे मार्गशीर्ष पाळत नाहीत. आमच्या घरी त्या महिन्यातही बोंबील होते. पण वरच्या मजल्यावरच्या काकी पाळतात. गुरुवारची पूजा मांडतात आणि महिनाभर त्यांच्याकडे मासळी शिजत नाही. मार्गशीर्ष संपून पौष लागला होता. हिशेब जुळत होता.

काकी मालवणकडच्या. एकट्या राहतात, मुलगी लग्न होऊन बोरिवलीला. बुधवार, शुक्रवार, रविवार त्या स्टेशनजवळून मासळी आणतात, आणि मासळी धुतलेलं पाणी त्या कधी मोरीत ओतत नाहीत. त्यांच्या खिडकीतली कढीलिंबाची कुंडी त्या पाण्यावरच इतकी माजली आहे की सगळी इमारत तिची पानं नेते. रक्त, खवलं, पाणी. नायट्रोजनच सगळा.

"त्याच असणार," मम्मी म्हणाली. "जा, सांग त्यांना. तुला खाणार नाहीत त्या."

मला काकींबद्दल एक गोष्ट माहीत होती जी मी घरी कधीच सांगितली नव्हती.

गणपतीत काकींकडून दरवर्षी मोदक येतात, डब्यात पानावर, वर तूप. बुद्धपौर्णिमेला मम्मी खीर करते आणि त्यांचा डबा भरून परत पाठवते. मी आठवी-नववीत असेन. मीच डबा देऊन आले होते, आणि थोड्या वेळाने सायकल ठेवायला खाली गेले तेव्हा वॉचमन जिन्याखाली बसून तीच खीर खात होता. वर चारोळ्या तशाच होत्या, मम्मीने गोल मांडलेल्या. "वरच्या मॅडमने दिली," तो खुशीत म्हणाला. मी सायकलला कुलूप लावलं. कदाचित काकींना गोड चालत नसेल. कदाचित तेव्हा त्यांचा काही उपास असेल. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मग तो विचार ठेवून दिला, आणि पुढच्या वर्षीही डबा देऊन आले.

आता त्याच दारावर जाऊन सांगायचं होतं की तुमचं पाणी माझ्या झाडांना घालू नका.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकींनी दार उघडलं, माझा हात धरून आत घेतलं आणि म्हणाल्या, "काय गो बाय, किती सुकलंस! खातंस काय नाय?" मी कढीलिंब मागितला आणि खाली आले. मम्मीने माझ्या हातातल्या डहाळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

दुसऱ्यांदा दार बंद होतं. मला हायसं वाटलं. पण तशीच गच्चीवर गेले तर दारापासून पुढच्या आणखी एका पिशवीत पोपटी कोंब आला होता. मी गुडघ्यावर बसून तिसरी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. अजून बऱ्याच पिशव्या पिवळ्या होत्या. पण काकी पुढे सरकत होत्या, आणि मी जितके दिवस गप्प राहीन तितक्या त्या सरकणार होत्या.

मॅडमना फोन करून काकींचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भिजलेल्या सगळ्या बाद. उरलेल्या वाचव, तेवढ्यावर भागवू. आणि एक लक्षात ठेव. तिने सगळ्यात मरतुकडी झाडं निवडून खायला घातलं असणार. म्हणजे उरलेली मुळातच जरा बरी. तेही लिहावं लागेल." मग थोडं थांबून, "अजून एक जरी गेली ना, तर मी सही करू शकणार नाही. कळतंय?"

कळत होतं.

शुक्रवारी मी कॉलेजला गेले नाही. सकाळपासून टाकीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसले. एकही ओळ वाचली नाही. मांजर माझ्या आधीच येऊन बसलं होतं. त्यालाही वार कळत होते.

जिन्यावर चपला वाजल्या. काकी वर आल्या, हातात ॲल्युमिनियमचं पातेलं, पदर खोचलेला. त्यांनी मला पाहिलं नाही. त्या तिसऱ्या रांगेशी वाकल्या आणि ज्या पिशवीला अजून कोणाचा हात लागला नव्हता तिच्यावर पातेलं कललं.

"काकी, नको!"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. इतक्या मोठ्याने मी गच्चीवर काय, कुठेच बोलले नव्हते. काकी दचकल्या. थोडं पाणी त्यांच्या पायावर सांडलं आणि मांजर पुढे झालं.

"मेल्या, सर तिकडे!" त्या मांजराला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ओरडतंस कित्याक गो? ह्यांका उपाशी मारतंस नि माझ्यावरच ओरडतंस? तिकडे त्यांचा बघ कसा जंगल झालासा. ह्यांनी काय घोडा मारल्यान तुझा? माका बघवत नाय. जीव आसा त्यांका."

"ते मुद्दाम आहे, काकी. प्रयोग आहे तो. तुम्ही पाणी घालू नका. प्लीज."

"साधा पाणी नाय ता. मासळेचा आसा."

"म्हणूनच. तेच नको."

त्या सरळ उभ्या राहिल्या. चेहरा बदलला. पातेलं त्यांनी पोटाशी धरलं, दोन्ही हातांनी.

"माझ्या हातचा पाणी नको तुका?"

  मला पुठ्ठा आठवला, पप्पांनी अक्षरं वर करून टेबलावर ठेवलेला. मला चारोळ्या आठवल्या. कोण कोणाला काय म्हणतंय हे माझ्या डोक्यात उलटसुलट झालं आणि एक क्षण मला इतका राग आला की मी बोलले असते. आमच्याकडच्या खिरीचं काय झालं, असं विचारलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि तेही शुद्ध मराठीत.

पण मी ते बोलले असते तर काकी परत कधी गच्चीवर आल्या नसत्या आणि पप्पा परत कधी तिथे कपडे आणायला गेले नसते. आणि काकींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी त्यांच्या पायाशी खाली बसले, कारण तिथेच ती पिशवी होती.

"हे बघा," मी म्हटलं. वेलाच्या बुडाशी बोटाने वाळू बाजूला केली, अगदी थोडी. मॅडमनी पाहिलं असतं तर ओरडल्या असत्या. वाळूखाली जांभळट गुलाबी खांदा दिसला. रताळ्याचा. "वर काही नाही तिच्याकडे. पण बनवलेलं सगळं ती खाली ठेवतेय. आणि ही," मी लाडक्या रांगेकडे हात केला, "ही सगळं पानांवर उडवतेय. खाली किती ठेवतेय ते मला बघायचंय. तुम्ही हिला खायला घातलंत की ही पण पानंच करत बसेल. मग मला काही कळणार नाही, आणि माझं वर्ष जाईल."

इतकं लांब मी काकींशी कधी बोलले नव्हते. त्या वाकून बघत राहिल्या. गुडघा दुखतो म्हणून माझ्या खांद्यावर हात टेकला.

"पोटात ठेवल्यान तिने," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"नि ह्या माझ्या? ज्यांका मी घातलंय?"

"त्या आता मोजणीत नाहीत."

"टाकून देतलंस?"

मी ते आधी ठरवलं नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "त्या तुम्हाला. तिकडे दाराशी ठेवते. त्यांना काय हवं ते घाला. पण बाकीच्यांना नको, काकी. थेंबभरसुद्धा नको."

काकींनी पदराने डोळे पुसले आणि नाकही. "तुझ्या आवशीसारखी बोलूक लागलंस," त्या म्हणाल्या, आणि राहिलेलं पाणी दाराजवळच्या पिशव्यांवर ओतून खाली गेल्या. त्या रागावल्या होत्या की नाही, मला कळलं नाही.

*

पुढचे आठवडे वाईट गेले. काकी माझं ऐकतील का हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. बुधवार, शुक्रवार, रविवार मी घरात बसून वरच्या चपलांचे आवाज ऐकायचे. दार उघडलं. थांबल्या. आता कुठे वाकल्या असतील? मम्मी म्हणायची, "अगं विश्वास ठेव ना जरा." पण ती स्वतःही बोलता बोलता वर कान लावायची.

सकाळी पान खुडून न्यायचे. स्पिरिट, पाणी, आयोडीन. बशीवर झुकून उभी राहायचे. आधी काहीच होत नसे. मग शिरांच्या मधून काळोख पसरायला लागायचा आणि सगळं पान निळंकाळं व्हायचं. तेव्हा कुठे मी बसायचे. दर वेळी वेगळ्या पिशवीतलं पान, आणि दर वेळी तीच भीती. एकदा एक पान कडेला फिकट राहिलं. मी दिवसभर जेवले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेलाचं दुसरं पान पूर्ण काळं पडलं. पहिल्यावर बहुतेक लाडक्या रांगेची सावली पडत असावी.

जिन्यात काकी भेटल्या की मी आधीपेक्षा जास्त हसायचे. त्या नुसती मान हलवायच्या. कढीलिंब आला नाही.

पुठ्ठा पप्पांनी टाकला नव्हता. कपाटाच्या मागे उभा करून ठेवला होता, अक्षरं भिंतीकडे.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी आम्ही रताळी काढली. मॅडम वजनकाटा घेऊन स्वतः आल्या. पप्पांनी सुट्टी घेतली होती आणि बाह्या वर करून कात्रीने पिशव्या उभ्या कापत होते. मम्मी पसारा आवरत होती. काकी शेवटी आल्या आणि आपल्या पिशव्यांजवळ उभ्या राहिल्या, जणू कोणी त्या नेणार होतं.

लाडकी रांग आधी. वेल उचलायला दोन माणसं लागली. खाली मात्र करंगळीएवढी, दोऱ्यांसारखी मुळं. एखादंच रताळं म्हणण्यासारखं. मधल्या रांगेत चांगली भरलेली निघाली, बाजारात दिसतात तशी. मग सावत्र. पप्पांनी पिशवी कापली, वाळू झटकली आणि एका हातात मूठभर पिवळी पानं आणि दुसऱ्या हातात रताळी धरून उभे राहिले. रताळी मोठी नव्हती. पण ती मूठभर पानं बघता त्यांनी इतकं कुठून आणलं असेल असं वाटत होतं.

"वर एवढंच आणि खाली एवढं?" ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात वरखाली करून वजन बघितलं. मग पुन्हा.

मॅडमनी प्रत्येक झाडाचं वरचं आणि खालचं वेगळं तोललं. मी आकडे लिहीत होते. शेवटची पिशवी झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "भागेल एवढ्यावर. मधलीइतकं पीक नाही दिलं हिने, ते स्पष्ट लिही, उगाच गौरव नको. पण जे होतं त्यातलं बहुतेक खाली ठेवलं. आणि ज्या बाद झाल्या त्या का बाद झाल्या, तेही लिही. शेजारच्या काकींनी मासळीचं पाणी घातलं. असंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

मी हो म्हटलं आणि पाठ वळवून उगाचच वाळू गोळा करू लागले. सही मिळणार होती. मला कोणाला माझा चेहरा दाखवायचा नव्हता.

काकींच्या पिशव्या उरल्या होत्या. त्यांनी स्वतः कात्री मागून घेतली. वर पानं हिरवीगार, तेजाळ. खाली बारीक, वाकडी रताळी, कशीबशी परडीभर.

"एवढाच?" काकी म्हणाल्या.

"तुम्ही जेवायला घातलंत ना, ती पानं करत बसली," मी म्हटलं.

"काकी, तुमच्या लाडाने वाट लागली तिची," मम्मी म्हणाली, आणि काकी हसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

प्रयोगातली सगळी रताळी कोरडं वजन घ्यायला चिरून भट्टीत वाळवायची होती. त्यातलं एकही खाता येणार नव्हतं. खाण्यासारखी होती ती एवढीच, काकींची. मम्मीने ती नळाखाली धरली, परडीत भरली आणि परडी काकींपुढे केली. तेव्हा ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"उद्या तुमचा उपास ना," ती म्हणाली. "कच्चीच न्या."

तिने ते इतक्या सहज म्हटलं की मला कळलं. खिरीचं तिलाही माहीत होतं. माझ्या आधीपासून कदाचित. आणि तरी दरवर्षी ती चारोळ्या गोल मांडत होती.

पप्पांनी झाडू थांबवला. काकी परडीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता घेतील आणि जातील, आणि ते ठीकच असेल.

"कच्ची घेऊन काय करू?" काकी म्हणाल्या. "माझो गॅस संपलो सकाळी. तूच उकडून ठेव गो. उद्या आंघोळ करून येतंय खाऊक."

"सिलिंडर सांगितलात का?" पप्पांनी विचारलं.

"सांगितलंय, सांगितलंय," काकी म्हणाल्या आणि गुडघा धरत जिना उतरल्या.

संध्याकाळी मी गच्चीवरून रिकाम्या पिशव्यांचा शेवटचा गठ्ठा घेऊन खाली येत होते. वरच्या मजल्याच्या जिन्यात दिवा नव्हता, पण काकींच्या दाराखालून उजेड येत होता. मी दारावरून पुढे गेले आणि आत कुकरची शिट्टी झाली.

मी गठ्ठा धरून तिथेच थांबले. दुसरी शिट्टी झाली. मग तिसरी, आणि कोणीतरी गॅस बारीक केला.

खाली आमच्या ओट्यावर मम्मी ती वाकडी रताळी जुन्या टूथब्रशने घासत होती, एकेक, खाचांतली वाळू काढून. मोठं पातेलं तिने चिंच लावून घासून पालथं घातलं होतं.

"इतका वेळ काय करत होतीस वर?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि दुसरा ब्रश घेतला.